लक्ष्मीनारायण मंदिर : एका अटीचा इतिहास

करोल बाग आणि मंदिर मार्ग यांच्यामध्ये रिजचा खडकाळ, काटेरी झुडपांचा उंचवटा आहे. त्याच्या एका अंगाला आपली वस्ती आणि दुसऱ्या अंगाला, अगदी पायथ्याशी, लक्ष्मीनारायणाचे मंदिर. मंदिर पूर्वाभिमुख असल्यामुळे त्याची पाठ आपल्याकडे आहे. दिल्लीकर त्याला ‘बिर्ला मंदिर’ याच नावाने ओळखतात. रिक्षावाल्याला ‘लक्ष्मीनारायण मंदिर’ असे सांगितले तर तो क्षणभर विचारात पडतो. आपल्या शाळेच्या साठ वर्षांत एकही तुकडी अशी नसेल, की जी सहलीच्या निमित्ताने तेथे गेली नाही. जवळचे ठिकाण, मोठी बाग, कारंजी, डबे उघडून बसायला भरपूर जागा; शिक्षकांना यापेक्षा अधिक काय हवे असते! माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणात त्या सहली असतीलच. परंतु ज्या एका गोष्टीमुळे हे मंदिर भारताच्या सामाजिक इतिहासात नोंदले गेले, ती गोष्ट सहलीत सहसा सांगितली जात नसे. या हीरकमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने ती विस्ताराने सांगावी, असे वाटले.

प्रथम बांधणीविषयी. राजधानी कोलकात्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा १९११ मध्ये झाली आणि नव्या दिल्लीचे औपचारिक उद्घाटन फेब्रुवारी १९३१ मध्ये झाले. मधल्या काळात जुन्या वस्त्या उठविल्या गेल्या. माधोगंज, जयसिंगपुरा, राजा का बाजार या गावांतील लोकांना विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात करोल बागेत आणून वसविण्यात आले. म्हणजे ज्या घडामोडीने मंदिर मार्ग जन्माला घातला, तिनेच आपली करोल बागही आजच्या रूपात घडविली. त्या रस्त्याचे तेव्हाचे नाव रीडिंग रोड. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या नावावरून ठेवलेले. पुढे मंदिर झाले आणि व्हाइसरॉयांचे नाव गेले. रस्त्यांची नावे बदलण्याची दिल्लीला फार हौस आहे. पण हा बदल मात्र लोकांच्या जिभेवर सहज रुळला.

राजा बलदेवदास बिर्ला आणि त्यांचे पुत्र जुगलकिशोर यांनी हे मंदिर बांधविले. १९३३ मध्ये धोलपूरचे महाराज उदयभानसिंह यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि सहा वर्षांनी काम पूर्णत्वास गेले. वास्तुविशारद होते श्रीशचंद्र चटर्जी. ल्युटन्स आणि बेकर हे इंग्रज वास्तुकार रायसीना टेकडीवर साम्राज्याची दगडी भव्यता उभी करीत होते, त्याच काळात भारतीय परंपरेतूनच आधुनिक वास्तुकला उभी राहू शकते, असा आग्रह धरणाऱ्या चळवळीचे चटर्जी हे अग्रणी होते. त्यामुळे मंदिराचा आराखडा नागर शैलीचा असला, तरी नव्या काळातील बांधकामसाहित्य आणि तंत्र त्यांनी वर्ज्य मानले नाही. गाभाऱ्यावरील मुख्य शिखर सुमारे १६० फूट उंच आहे. बनारसहून आलेल्या शंभरावर कारागिरांनी आचार्य विश्वनाथ शास्त्री यांच्या देखरेखीखाली कोरीवकाम केले. मूर्तींचा संगमरवर जयपूरचा, तर बांधकामाचा दगड मकराणा, आग्रा, कोटा आणि जैसलमेर येथून आणलेला. एकूण आवार साडेसात एकरांचे. उत्तरेकडे गीता भवन आहे आणि शेजारीच महाबोधी संस्थेचा बुद्धविहार आहे. विहाराच्या उभारणीतही बिर्ला कुटुंबाचे साहाय्य होते, आणि त्याचे उद्घाटनही मंदिराबरोबरच झाले.

कलेच्या जाणकारांना हे मंदिर फारसे रुचत नाही, हेही सांगितले पाहिजे. वेरूळचे कैलास लेणे किंवा अंबरनाथचे शिवालय पाहिलेल्या डोळ्यांना येथील रंगरंगोटी थोडी भडक वाटते. मला स्वतःलाही ती तशी वाटते. परंतु या मंदिराचे महत्त्व दगडात नाही. ते त्याच्या दारात आहे.

मार्च १९३९ मध्ये मंदिराचे उद्घाटन महात्मा गांधींच्या हस्ते झाले. राजकोटचे त्यांचे उपोषण ७ मार्चला सुटले होते. प्रकृती पुरती सावरलेली नव्हती. व्हाइसरॉयांच्या भेटीसाठी ते दिल्लीत आले असतानाच हा समारंभ पार पडला. उद्घाटनास येण्यासाठी त्यांनी एक अट घातली होती : मंदिर सर्व जातींच्या लोकांना खुले असले पाहिजे, ज्यांना अस्पृश्य म्हणून दाराबाहेर ठेवले जाते, त्यांनाही. बिर्लांनी ती मान्य केली. किंबहुना त्यांना ती मान्य करणे जड गेले नसावे, कारण घनश्यामदास बिर्ला हे १९३२ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे हरिजन सेवक संघ म्हणून प्रसिद्ध झालेल्या संस्थेचे अध्यक्ष होते. 

आजच्या विद्यार्थ्यांना ही अट कळतच नाही. नववीच्या मुलांना घेऊन आम्ही तेथे गेलो असता एका मुलीने विचारले, ‘‘बाई, मंदिर तर सगळ्यांसाठीच असते ना? मग अट कशाला?’’ प्रश्न सरळ होता. त्याचे उत्तर मात्र दिल्लीत मिळत नाही; त्यासाठी महाराष्ट्रात जावे लागते. मंदिरप्रवेशाचा लढा जेवढा आपल्या मराठी मुलखात पेटला, तेवढा केरळ सोडल्यास अन्यत्र क्वचितच पेटला असेल.

आरंभ अनेक ठिकाणी शोधता येईल. पण सोयीसाठी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर घेऊ. ते बजाज कुटुंबाचे. जमनालाल बजाज यांनी जुलै १९२८ मध्ये ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले केले. विनोबा भावे तेव्हा वर्ध्यातच होते आणि त्यांचे या कार्यास पाठबळ होते. सनातनी मंडळी संतापली; जमनालालजींना स्वतःच्या समाजाचा रोष पत्करावा लागला. दुसरे उदाहरण रत्नागिरीचे. भंडारी समाजातून कष्टाने वर आलेले भागोजीशेठ कीर यांच्या खर्चाने तेथे पतितपावन मंदिर उभे राहिले आणि २२ फेब्रुवारी १९३१ रोजी सर्व जातींसाठी उघडले. यामागे रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांची प्रेरणा होती. तेथेही गाभाऱ्यात विष्णू आणि लक्ष्मीच आहेत. वर्धा, रत्नागिरी, दिल्ली : गांधी आणि सावरकर यांची राजकीय मते दोन टोकांची, पण अकरा वर्षांच्या अवधीत तीन ठिकाणी लक्ष्मीनारायणाचेच दार सर्वांसाठी उघडावे, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

मात्र या तिन्ही मंदिरांत एक साम्य आहे आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते नजरेआड करू नये. वर्ध्याचे मंदिर एका घराण्याचे होते. रत्नागिरी आणि दिल्ली येथील मंदिरे नव्याने बांधलेली. म्हणजे ज्याच्या हाती किल्ली होती, त्यानेच दार उघडले. जेथे किल्ली शतकानुशतके दुसऱ्यांच्या हाती होती, जेथे वंशपरंपरागत हक्क, दक्षिणा आणि प्रतिष्ठा गुंतलेली होती, तेथे काय घडले?

पुण्याच्या पर्वतीवर १९२९ मध्ये सत्याग्रह झाला. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज हे त्याचे पुढारी, तरुण एस. एम. जोशी आणि काकासाहेब गाडगीळ हेही त्यात होते. सत्याग्रहींवर दगडांचा आणि शिव्यांचा वर्षाव झाला. मंदिर उघडले नाही. याच काकासाहेबांना पुढे स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात दिल्लीकरांनी पाहिले. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्री-पुरुष मंदिराकडे चालत गेले. चारही दरवाजे बंद करून घेण्यात आले. रामनवमीला रथ ओढण्यावरून चकमक उडाली, दगडफेक झाली. पाच वर्षांच्या आसपास हा लढा चालू राहिला, आणि रामाने दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. पर्वतीवरील दगड आणि नाशिकचे बंद दरवाजे यांखेरीज त्या घोषणेचा अर्थ लागत नाही.

बाबासाहेबांची मंदिरप्रवेशाविषयीची भूमिका पुष्कळदा अर्धवट सांगितली जाते. नाशिकचा सत्याग्रह त्यांनी चालविला तो देवदर्शनाच्या ओढीने नव्हे, तर माणूस म्हणून असलेला हक्क बजावण्यासाठी. फेब्रुवारी १९३३ मध्ये, म्हणजे आपल्या बिर्ला मंदिराची पायाभरणी ज्या वर्षी झाली त्याच वर्षी, मध्यवर्ती कायदेमंडळापुढे मंदिरप्रवेशाचे विधेयक होते आणि गांधीजींनी त्यास बाबासाहेबांचा पाठिंबा मागितला. त्यांनी तो दिला नाही. मंदिरप्रवेश हे अंतिम साध्य आहे की सामाजिक समतेच्या वाटेवरील पहिले पाऊल, हे आधी स्पष्ट करा, असा त्यांचा आग्रह होता. शिक्षण, चांगली नोकरी, सत्तेत वाटा या मार्गांनी समाज वर येईल. देवळाच्या दारात उभे राहून याचना करण्याने नव्हे. आणि चातुर्वर्ण्य तसेच ठेवून केवळ देऊळ उघडणे त्यांना अपुरे वाटत होते. ‘हरिजन’ या शब्दासही त्यांचा आणि त्यांच्या अनुयायांचा विरोध होता. म्हणूनच या लेखात तो शब्द मी केवळ संस्था व कायदे यांच्या नावांतच ठेवला आहे.

दुसऱ्या बाजूने गांधीजींनाही किंमत मोजावी लागली. पुणे करारानंतर त्यांनी ७ नोव्हेंबर १९३३ पासून, वर्ध्याहूनच, अस्पृश्यतानिवारणासाठी देशभर दौरा सुरू केला. नऊ महिन्यांत सुमारे साडेबारा हजार मैल. ठिकठिकाणी काळी निशाणे दाखविली गेली. २५ जून १९३४ रोजी पुण्यात, ते बसले असावेत अशा समजुतीने, एका मोटारीवर बॉम्ब फेकण्यात आला. आज आपण देवळात सहज शिरतो, घंटा वाजवतो, बाहेर पडतो. त्या घंटेपर्यंत पोहोचण्यासाठी केवढी वाट चालावी लागली, याची ही काही स्थळे आहेत.

आणि मग पंढरपूर. मराठी माणसाच्या दृष्टीने हाच या कथेचा गाभा आहे. विठ्ठलाच्या महाद्वाराशी नामदेवांची पायरी आहे आणि तिच्या जवळच चोखामेळ्याची समाधी. चौदाव्या शतकातील हा महार संत जन्मभर विठ्ठलाला आळवीत राहिला आणि मृत्यूनंतरही त्याला दाराबाहेरच जागा मिळाली. सहाशे वर्षे वारकरी त्या समाधीवर डोके ठेवून आत जात राहिले, आणि चोखोबाच्या जातीचे लोक तेथूनच परत फिरत राहिले. वारीत समतेचा गजर आणि दाराशी मात्र जात, ही विसंगती कुणाला खुपली नसेल असे नाही. पण ती खुपणे आणि तिच्यासाठी प्राण पणाला लावणे, यांत अंतर आहे.

ते अंतर साने गुरुजींनी पार केले. आपली मुले त्यांना ‘श्यामची आई’चे लेखक म्हणून ओळखतात, गोड, हळवे, डोळ्यांत पाणी आणणारे. पण १९४७ च्या आरंभी या हळव्या माणसाने महाराष्ट्र पालथा घातला. सेनापती बापट यांच्यासारखे ज्येष्ठ त्यांच्या सोबतीला होते. गावोगावी सभा झाल्या, अनेक ठिकाणची देवळे आणि पाणवठे खुले झाले. पंढरपूरचे दार मात्र उघडेना. तेव्हा १ मे १९४७ रोजी पंढरपुरातील तनपुरे महाराजांच्या मठात गुरुजींनी उपोषण आरंभिले.

येथे आपल्या मंदिर मार्गाचा पुन्हा संबंध येतो. त्या काळात गांधीजींचा दिल्लीतील मुक्काम बिर्ला मंदिराच्याच रस्त्यावरील वाल्मीकी वस्तीत असे. एप्रिल १९४६ पासून १९४७ च्या जूनपर्यंत, मधले प्रवास वगळता, सफाई कामगारांच्या त्या वस्तीतील वाल्मीकी मंदिराच्या एका खोलीत ते राहिले. तेथील मुलांना शिकविले. तेथेच मोठमोठ्या नेत्यांच्या भेटी झाल्या. अस्पृश्यतेविरुद्ध लढणाऱ्या गुरुजींना त्यांचा पाठिंबा मिळेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात गांधीजींनी तार करून उपोषण सोडण्यास सांगितले. मंदिर खुले करण्याचे प्रयत्न कायद्याच्या मार्गाने चालू आहेत, उपोषणाची आवश्यकता नाही, अशी माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. गांधीजींना गुरुस्थानी मानणाऱ्या साने गुरुजींनी ती आज्ञा नम्रपणे नाकारली. शिष्याने गुरूचे न ऐकणे हे मी वर्गात सहसा उदाहरण म्हणून सांगत नाही. हे एक मात्र दर वर्षी सांगते. अखेर दिल्लीतील मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांनी मध्यस्थी केली, बडव्यांशी बोलणी झाली आणि १० मे रोजी उपोषण सुटले. कायदेशीर सोपस्कार होऊन त्याच वर्षी विठ्ठलाचे दार सर्वांना खुले झाले.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. १९४७ मध्ये मुंबई प्रांतात हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि पंचविसाव्या अनुच्छेदाने सार्वजनिक स्वरूपाची हिंदू धर्मस्थळे सर्व हिंदूंसाठी खुली करणारे कायदे करण्याचा अधिकार राज्याला दिला. १९५५ मध्ये अस्पृश्यता हा गुन्हा ठरविणारा स्वतंत्र कायदा आला. पंढरपुरातील बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क रद्द करणारा कायदा १९७३ चा. पण न्यायालयीन वाद सर्वोच्च न्यायालयात संपला तो २०१४ मध्ये. 

आता मंदिर मार्गाकडे परत येऊ. तेथे एक विसंगती आहे आणि ती आपण रोज पाहतो. एकाच रस्त्यावर ज्याचे दार सर्वांना उघडे आहे असे संगमरवरी मंदिर आहे, आणि त्याच रस्त्याला लागून ज्यांच्यासाठी ते दार उघडले गेले त्यांची वस्ती आहे. गांधीजी मुक्कामासाठी मंदिराच्या आवारात गेले नाहीत, वस्तीत गेले. यातील सूचकता मला उद्घाटनाच्या अटीहूनही मोठी वाटते. एप्रिल १९४७ च्या आरंभी तेथील सायंप्रार्थनेत कुराणातील आयती म्हणण्यास काहींनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी प्रार्थनाच थांबविली. हरकत मागे घेतली जाईपर्यंत ते दररोज थांबत राहिले. सप्टेंबरमध्ये ते कोलकात्याहून परतले तेव्हा वाल्मीकी वस्ती निर्वासितांनी भरून गेली होती, म्हणून त्यांना बिर्ला हाऊसमध्ये उतरविण्यात आले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

त्याच महिन्यांत करोल बागेचेही रूप पालटले. फाळणीपूर्वी येथे मुस्लीम वस्ती मोठी होती. हकीम अजमल खान यांनी उभारलेले आणि गांधीजींच्याच हस्ते फेब्रुवारी १९२१ मध्ये उघडलेले तिब्बिया महाविद्यालय आजही त्या काळाची साक्ष देत उभे आहे. तेथे आयुर्वेद आणि युनानी ही दोन्ही शास्त्रे एकाच छपराखाली शिकविली जात. रिजच्या दोन बाजूंना गांधीजींनी उघडलेल्या या दोन वास्तू आहेत, हे आपल्या किती पालकांना ठाऊक असेल? फाळणीनंतर येथील बरीच कुटुंबे गेली आणि पश्चिम पंजाब, सिंध येथून उद्ध्वस्त होऊन आलेली कुटुंबे आली. पुढे दक्षिण भारतीय आले, बंगाली आले. आणि आपली मंडळीही आली : सरकारी कचेऱ्यांतील कारकून, शिक्षक आणि नंतर सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी तालुक्यांतून सोन्याचांदीच्या गलाईचा व्यवसाय करणारे मराठे बांधव. आज बँक स्ट्रीटच्या गल्ल्यांत भट्टीपुढे बसून सोने शुद्ध करणाऱ्या माणसाच्या तोंडची भाषा ऐका; ती माणदेशी असण्याचा संभव पुष्कळ आहे. आपल्या शाळेच्या पटावर त्यांची मुले आहेत, बौद्ध कुटुंबांची आहेत, कोकणातील, विदर्भातील, कर्नाटक सीमेवरील घरांतील आहेत. गावाकडे ज्यांची घरे एकाच आळीत कधी नव्हती, ती मुले येथे एका बाकावर बसतात.

परगावी गेल्यावर मराठी माणूस पहिल्यांदा काय करतो? गणपती बसवतो, असे विनोदाने म्हटले जाते आणि ते बरेचसे खरे आहे. पण कोणाचा गणपती, आरतीला पुढे कोण, प्रसाद कोणाच्या हातचा, हळदीकुंकवाचे बोलावणे कोणाकोणाला, हे प्रश्नही त्याच सामानातून येतात. ते उघडपणे कोणी विचारत नाही. त्यामुळेच ते विझत नाहीत. काही वर्षांपूर्वी एक पालक गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी माझ्या कार्यालयात आले. मुलाचे नाव मूर्ती आणण्यास जाणाऱ्यांच्या यादीत होते. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलल्यावर त्यांनी हळू आवाजात विचारले, ‘‘बाई, आमच्या पोराने मूर्तीला हात लावलेला चालेल ना? नंतर कुणी काही बोलायला नको.’’ दिल्लीसारख्या शहरात, एकविसाव्या शतकात, एका कर्तबगार माणसाला हा प्रश्न पडावा, आणि तो विचारण्यापूर्वी त्याने दार लावून घ्यावे! मी त्यांना काय उत्तर दिले ते महत्त्वाचे नाही. तेव्हापासून आपल्या शाळेत मूर्ती आणण्याचा आणि पूजेस बसण्याचा मान हजेरीपटाच्या क्रमाने दिला जातो. पहिल्या वर्षी एकदोन घरांतून नापसंती कळविली गेली, ती आम्ही ऐकून घेतली आणि क्रम तसाच ठेवला.

मंदिराची सामाजिक उपयुक्तता एवढ्यापुरतीच नसते, हे मान्य. देऊळ हे गावाचे सभागृह, धर्मशाळा, अन्नछत्र, कीर्तनातून चालणारी शाळा, सारे काही होते. लक्ष्मीनारायण मंदिरात जन्माष्टमीला लोटणारी गर्दी पाहिली, की नव्या शहरालाही असे एक ठिकाण लागते हे पटते. शेजारचा बुद्धविहार, जवळची बंगाली समाजाची कालीबाडी, वाल्मीकी मंदिर, आणि आपल्या बाजूला झंडेवालान देवीचे देऊळ : एका तासाच्या पायपिटीत दिल्लीतील केवढा समाज भेटतो! राणी झाशी मार्गावरील आंबेडकर भवनही याच वाटेवर आहे. त्याची कोनशिला बाबासाहेबांनी १९५१ मध्ये स्वतः बसविली. बिर्ला मंदिराचा इतिहास सांगणाऱ्याने विद्यार्थ्यांना तेथवर न्यावेच, असे माझे ठाम मत आहे. एका ठिकाणी दार उघडणाऱ्याचा सन्मान आहे, तर दुसऱ्या ठिकाणी दारापाशी ताटकळण्यास नकार देणाऱ्याचा. दोहोंपैकी एकच पाहून परतणारा विद्यार्थी अर्धाच धडा घेऊन येतो.

आणि वाल्मीकी वस्तीविषयी आणखी एक. हाताने मैला वाहण्याच्या प्रथेवर १९९३ मध्ये कायद्याने बंदी आली, २०१३ मध्ये अधिक व्यापक कायदा झाला. तरीही गटार साफ करण्यासाठी आत उतरलेली माणसे गुदमरून दगावल्याची बातमी आपल्याच शहरातून अधूनमधून येते. मंदिरप्रवेशाच्या पाठानंतर अशा बातमीचे कात्रण एका विद्यार्थ्याने आपण होऊन फलकावर लावले होते. शिक्षकांनी ते काढले नाही. महिनाभर ते तेथेच होते.

गतवर्षीपासून नववीची सहल आम्ही वेगळ्या क्रमाने नेतो. शाळेतून निघून प्रथम तिब्बिया महाविद्यालय, मग आंबेडकर भवन, नंतर वाल्मीकी मंदिरातील गांधीजींची खोली, बुद्धविहार, आणि शेवटी लक्ष्मीनारायण मंदिर. डबे पूर्वीप्रमाणे तेथेच, बागेत उघडले जातात. मुलांनी केलेल्या नोंदींच्या वह्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत. महोत्सवाच्या प्रदर्शनात त्या पाहता येतील. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या किंवा पालकांच्या घरी मंदिर मार्ग, वाल्मीकी वस्ती अथवा जुन्या करोल बागेची छायाचित्रे असतील, आजी-आजोबांनी सांगितलेल्या त्या काळच्या आठवणी असतील, त्यांनी त्यांच्या प्रती ग्रंथपालांकडे द्याव्यात. मूळ छायाचित्र त्याच दिवशी परत मिळेल. पाठीमागे वर्ष आणि ठिकाण पेन्सिलीने लिहिलेले असेल, तर फारच उत्तम.